सर टॉमस वॉर्डल : एका रंगाऱ्याचें चरित्र

होळीच्या सुमारास जो कोणी यावल, चोपडा किंवा शिरपूर ह्या बाजूंनीं सातपुड्याच्या पायथ्याशीं प्रवास करील, त्याला पानें गळून गेलेलीं पळसाचीं झाडें केशरी फुलांनीं भरून गेलेलीं दिसतील. हींच फुलें पाण्यांत उकळून आपल्याकडील मुलें पूर्वीं होळीचा रंग करीत. कांहीं खेड्यांत अजूनहि करितात. फैजपूर गांव आज केळीच्या बागांसाठीं आणि १९३६ सालीं तेथें भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनासाठीं सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु त्याची जुनी कीर्ति निराळी होती. १८८० सालीं छापलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्यें फैजपूरचें नांव येतें तें कापडावरील छपाईसाठीं आणि निळा व तांबडा रंग तयार करण्याच्या तेथील लोकांच्या कौशल्यासाठीं. निळा रंग निळीचा. तांबडा रंग आल नांवाच्या झुडपाच्या मुळ्यांचा. ह्या झुडपाची लागवड खानदेश, वऱ्हाड व माळवा ह्या काळ्या जमिनीच्या मुलखांत होत असे. तीन वर्षें तें वाढूं द्यावयाचें, मग खोल खणून मुळ्या काढावयाच्या. जाड मुळ्यांपेक्षां बारीक मुळ्यांना भाव अधिक मिळे, कारण रंग सालींत असतो, आणि बारीक मुळीला साल प्रमाणानें जास्त असते.

हे सर्व रंग आपल्या रंगारी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पण तें ज्ञान हातांत व डोळ्यांत होतें, कागदावर नव्हतें. सगळ्या हिंदुस्थानांतील असे वनस्पतिरंग गोळा करून, प्रत्येकाची रीतसर परीक्षा घेऊन, त्यांचे नमुने कायमचे जपून ठेवण्याचें काम ज्या एका माणसानें केलें, तो लीक नांवाच्या लहानशा इंग्रजी गांवांतला रंगारी होता. त्याचें चरित्र विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना सांगावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

टॉमस वॉर्डल ह्यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ रोजीं मॅक्लसफील्ड येथें झाला. त्यांचे वडील जोशुआ वॉर्डल रेशीम रंगविण्याचा धंदा करीत. स्टॅफर्डशायर परगण्यांतील लीकच्या जवळ त्यांनीं आपला कारखाना घातला होता. लीक हा गांव रेशमाच्या धंद्यावर जगणारा, आणि तेथील चर्नेट नदीचें पाणी रंगाच्या कामाला फार चांगलें. रंगाऱ्याचें अर्धें यश पाण्यांत असतें. त्या पाण्यांत उठणारा लीकचा काळा रंग कावळ्याच्या पंखासारखा दाट व चकचकीत असे, आणि त्याला दूरदूरच्या बाजारांत मागणी होती. टॉमस कांहीं वर्षें लीकच्या ग्रामर स्कूलमध्यें शिकला आणि लहान वयांतच वडिलांच्या कारखान्यांत कामाला लागला. विश्वविद्यालयाची पायरी तो चढला नाहीं. रसायनशास्त्र त्याला शिकविलें तें उकळत्या हंड्यांनीं. तरी पुढें हाच मनुष्य इंग्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांच्या व भूगर्भशास्त्रज्ञांच्या विद्वत्सभांचा सभासद झाला, आणि लीकच्या आसपासच्या खडकांवर त्यानें स्वतः लेख लिहिले.

१८५७ सालीं वॉर्डल ह्यांनीं दूरच्या नात्यांतील, त्यांच्याच आडनांवाच्या, एलिझाबेथ हिच्याशीं विवाह केला. ह्या बाईंचा उल्लेख पुढें पुन्हां यावयाचा आहे, कारण भरतकामांत त्यांची बरोबरी करणारी स्त्री त्या गांवांत नव्हती. चौदा अपत्यांचा संसार सांभाळून त्यांनीं तें काम केलें, हें आमच्या भगिनींनीं ध्यानांत घ्यावें.

विवाहाच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८५६ सालीं, रंगाच्या धंद्याची सारी घडी मोडणारी एक गोष्ट लंडनमध्यें घडली होती. विल्यम पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिंवतापावरील क्विनीन प्रयोगशाळेंत तयार करूं पाहत होता. क्विनीन कांहीं झालें नाहीं. परंतु दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या द्रव्यांतून त्याला एक सुंदर जांभळा रंग सांपडला. त्यापाठोपाठ नवे नवे कृत्रिम रंग निघूं लागले. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान ह्या दोन जर्मन शास्त्रज्ञांनीं मंजिष्ठाच्या जातीच्या युरोपीय झाडाच्या मुळ्यांतील तांबडें द्रव्य, ज्याला आलिझरीन म्हणतात तें, डांबरापासून बनविलें. शेतांत जें तयार व्हावयास वर्षें लागत, तें कारखान्यांत थोडक्या दिवसांत व थोडक्या पैशांत निघूं लागलें. फ्रान्समधील त्या झाडाची शेती पाहतां पाहतां बसली.

वॉर्डल धंदेवाईक रंगारी होते. नवे रंग त्यांनाहि वापरावे लागले, आणि त्यांनीं ते वापरले. गिऱ्हाइकाला स्वस्त व भडक रंग पाहिजे असतां कारखानदारानें दुसरें काय करावें? पण आरंभींचे पुष्कळसे कृत्रिम रंग उन्हांत लवकर उडत, आणि डोळ्यांना खुपत. वडिलांच्या हाताखालीं जुन्या रंगांचें काम शिकलेल्या ह्या माणसाला तें मनापासून पटलें नाहीं. जुन्या रंगांचा नाद त्यांना सुटला नाहीं असें म्हणणें अधिक खरें होईल.

त्यांचें पहिलें मोठें काम टसर रेशमाचें. टसरचे किडे जंगलांतील ऐन, अर्जुन अशा झाडांवर वाढतात. आपल्याकडे भंडारा व चंद्रपूर ह्या भागांत टसर विणणारे कोष्टी आहेत, हें पुष्कळांना माहीत असेल. हें रेशीम मुळांतच तपकिरी असतें आणि रंग लवकर धरीत नाहीं. म्हणून युरोपांत त्याला कोणी विचारीत नसे. वॉर्डल ह्यांनीं कित्येक वर्षें खटपट करून तें उजळ करण्याची व त्याला हवा तो रंग चढविण्याची रीत बसविली. १८७८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत त्यांनीं तें काम मांडलें, आणि फ्रेंच सरकारनें त्यांना मानाची पदवी दिली. जंगलांतील ज्या धाग्याला हलका म्हणून बाजूला टाकीत, त्याचे पुढें पडदे, भरजरी कापड आणि सीलच्या कातड्यासारखें दिसणारें मऊ मखमली कापडहि होऊं लागलें.

ह्याच काळांत विल्यम मॉरिस हा प्रख्यात कवि व कारागीर लीकला आला. एलिझाबेथबाईंचा भाऊ मॉरिसच्या पेढींत नोकर होता, त्यामुळें ओळख झाली. मॉरिसला गालिचे, पडदे व छापील कापड ह्यांसाठीं जुने टिकाऊ रंग हवे होते, आणि ते करणारा मनुष्य लंडनमध्यें मिळेना. १८७५ पासून दोन-तीन वर्षें तो वारंवार लीकला येऊन राहिला. श्रीमंत घरचा हा चाळिशींतला गृहस्थ, पण लांकडी खडावा व कामगाराचा सदरा घालून दिवसचे दिवस हंड्यांपाशीं उभा राही. निळीच्या हौदांत हात घालून घालून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झालेले असत. दोघे मिळून जुन्या वनस्पतिकोशांतील कृति वाचीत आणि करून पाहत. पॉप्लर झाडाच्या कोंवळ्या काड्या उकळल्या तर लोंकरीला चांगला पिवळा रंग चढतो, हें मॉरिसनें अशा प्रयोगांतूनच पाहिलें. मॉरिस उतावळा, एक थान गडद व दुसरें फिकें उतरलें कीं त्याचें तक्रारीचें पत्र येई. वॉर्डल ह्यांची अडचण अशी कीं त्यांच्या कामगारांना नव्या रंगांची संवय झालेली, आणि वनस्पतिरंग हा प्रत्येक खेपेला थोडा निराळा निघणारा. अखेर १८८१ सालीं मॉरिसनें लंडनजवळ मर्टन येथें स्वतःचा कारखाना काढला. पण तेथें त्यानें जें केलें त्याचा पाया लीकच्या हंड्यांपाशीं घातला गेला होता.

आतां हिंदुस्थानच्या कामाकडे वळूं. १८७५ च्या सुमारास लंडनमधील इंडिया ऑफिसनें हिंदी रंगद्रव्यांची परीक्षा वॉर्डल ह्यांच्याकडे सोंपविली. निरनिराळ्या प्रांतांतून मुळ्या, साली, फुलें, फळें, लांकडें व लाख ह्यांचे नमुने लीकला जाऊं लागले. ही परीक्षा म्हणजे चिमूटभर पूड पाण्यांत टाकून रंग पाहणें नव्हे. एकेक द्रव्य घेऊन तें सुती कापडावर, लोंकरीवर, साध्या रेशमावर व टसरसारख्या रानटी रेशमावर अशा प्रत्येकावर चढवून पाहावयाचें, आणि तेंहि वेगवेगळ्या रंगबंधकांनीं. शेवटीं नमुन्यांची संख्या साडेतीन हजारांच्या घरांत गेली. ते कापडाचे तुकडे चिकटविलेले पंधरा मोठे ग्रंथ तयार झाले, आणि १८८७ सालीं हिंदुस्थानांतील रंग व कातडें कमाविण्याचीं द्रव्यें ह्यांवरील त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

रंगबंधक म्हणजे काय, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेतलें पाहिजे, नाहींतर ह्या माणसाच्या श्रमाची कल्पना येणार नाहीं. बहुतेक वनस्पतिरंग नुसते कापडाला लागत नाहींत. लागले तरी धुण्यांत जातात. धागा व रंग ह्या दोघांनाहि धरून ठेवणारा तिसरा कोणी तरी लागतो. तें काम तुरटींतील धातु करितो. लोंकर हा प्राण्याच्या अंगचा पदार्थ असल्यामुळें ती तुरटी सहज घेते. कापूस तशी घेत नाहीं, म्हणून सुती कापड अगोदर हिरड्याच्या काढ्यांत बुडवावें लागतें. एक किलो लोंकरीला शंभर ते दीडशें ग्रॅम तुरटी पुरते. रंग एक असला तरी रंगबंधक बदलला कीं छटा बदलते. हिरड्याला तुरटी दिली तर फिकट पिवळा, लोखंडाचें पाणी दिलें तर काळा. त्याच काळांत युरोपांत लोंकरीसाठीं क्रोमाचा क्षार वापरूं लागले. रंग पक्का होई, पण तो क्षार विषारी आहे, आणि तें पाणी शेवटीं नदींतच जातें. आजचे जाणते रंगारी तो टाळतात, आणि तुरटीवर, थोड्या लोखंडावर किंवा लोध्राच्या सालीवर काम भागवितात. लोध्राचें झाड जमिनींतील तोच तुरटींतला धातु आपल्या अंगांत सांठवून ठेवतें, आणि आपल्या देशांतील रंगारी आल व मंजिष्ठ ह्यांच्या जोडीला ती साल फार पूर्वींपासून घालीत आले आहेत. त्यांना धातूचें नांव ठाऊक नव्हतें, गुण ठाऊक होता. मात्र झाडापासून निघालें म्हणून सर्व निरुपद्रवी, असेंहि कोणी समजूं नये. लोखंड जास्त झालें तर लोंकर ठिसूळ होते.

येथें माझ्या एका फजितीची हकीकत सांगतों. गेल्या शिमग्यांत मीं एका धनगराकडून पांढरी लोंकर आणली, मुलांना घेऊन पळसाचीं फुलें वेंचलीं, आणि घरांतील जुन्या लोखंडी कढईंत सर्व उकळत ठेविलें. पिवळा रंग यावा ह्या आशेनें आम्ही भोंवतीं बसलों होतों. निघाला तो शेवाळासारखा मळका हिरवट रंग, आणि भरीस भर म्हणजे खळखळ उकळल्यामुळें लोंकरीचा नमद्यासारखा गोळा झाला. कढईच रंगबंधक होऊन बसली होती! दुसऱ्या खेपेस स्टीलचें पातेलें घेतलें, लोंकर आधीं तुरटीच्या कोमट पाण्यांत मुरविली, विस्तव मंद ठेविला व लोंकर पातेल्यांतच निवूं दिली. तेव्हां कोठें सोन्यासारखा पिवळा रंग आला. एका फुलाला आम्हांला दोन दिवस लागले. साडेतीन हजार नमुन्यांचा हिशेब वाचकांनींच करावा.

वॉर्डल ह्यांना ह्या कामांत जें आढळलें तें आपल्याला अभिमान वाटण्यासारखें आहे. हिंदी द्रव्यांत हळद किंवा कुसुंभ्यासारखे उन्हांत उडणारे रंग आहेत. पण नीळ, आल, मंजिष्ठ, लाख, खैराचा कात ह्यांसारखीं भरंवशाचीं द्रव्येंहि पुष्कळ आहेत. सातपुड्यांतहि आढळणाऱ्या कपिला झाडाच्या फळांवरील तांबडी पूड रेशमाला व लोंकरीला नारिंगी रंग देते. मग हें काम उपयोगी पडलें काय? खेदानें सांगावें लागतें कीं फार उशीर झाला होता. ते ग्रंथ बांधून तयार होईपर्यंत जर्मन आलिझरीनचे डबे हिंदुस्थानच्या बाजारांत आले होते. ज्या रंगाऱ्याला आलीच्या मुळ्या विकत घेऊन, कुटून, कित्येक दिवस कापडाला तेल व पुटें देऊन तांबडा रंग काढावा लागे, त्याचें काम आतां डब्यांतील पुडीनें एका दिवसांत होऊं लागलें. त्यानें डबा घेतला, ह्यांत त्याचा काय दोष? आलीची शेती उतरत गेली. पुढें १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आली, आणि निळीचीहि तीच गत झाली. सरकारनें नमुने करवून घेतले. ज्यांच्या हातचे ते रंग होते त्या रंगाऱ्यांच्या हातीं मात्र तें ज्ञान वेळेवर परत गेलें नाहीं. माझ्या मतें ह्या चरित्रांतील खरा विषाद येथें आहे, आणि त्याचें खापर एकट्या वॉर्डल ह्यांच्या माथीं मारतां येत नाहीं.

१८८५-८६ मध्यें ते स्वतः हिंदुस्थानांत आले. त्यांच्या प्रवासाचा भर बंगालवर होता, कारण तेथील रेशमाचा धंदा किड्यांच्या रोगामुळें खालावला होता. खेडोपाडीं जाऊन त्यांनीं धागा काढण्याच्या रीति पाहिल्या, सुधारणा सुचविल्या, आणि हिंदी विणकर व भरतकाम करणारे ह्यांचें काम गोळा करून १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनांत मांडलें. पुढें काश्मीर दरबारानें रेशमाचा धंदा पुन्हां उभारावयाचें मनावर घेतलें, तेव्हां रोगमुक्त किड्यांचीं अंडीं युरोपांतून निवडून पाठविण्याचें काम ह्यांच्याकडेच आलें. तो धंदा चांगला चालला, व त्यावर त्यांनीं १९०४ सालीं पुस्तक लिहिलें. १८९७ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली.

एलिझाबेथबाईंनीं १८७९ च्या सुमारास गांवांतील स्त्रियांचें एक भरतकाम मंडळ काढलें होतें. त्यांचे धागे व कापड पतीच्या कारखान्यांत रंगविलेलें असे. १८८५ सालीं त्यांच्या मनानें एक विलक्षण गोष्ट घेतली. फ्रान्समध्यें बायो येथें सुमारें सत्तर मीटर लांबीची, नऊशेंहून अधिक वर्षांपूर्वीं भरलेली एक पट्टी आहे; १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें त्याचीं चित्रें लिननच्या कापडावर लोंकरीच्या धाग्यांनीं तींत काढलेलीं आहेत. तिची हुबेहुब प्रत इंग्लंडांत असावी असें बाईंनीं ठरविलें. पस्तीस-चाळीस स्त्रिया कामाला बसल्या, आणि वर्ष-सव्वा वर्षांत ती सबंध पट्टी भरून झाली. लंडनच्या संग्रहालयांतील रंगीत छायाचित्रांवरून त्यांनीं नमुना उतरविला होता. त्या छायाचित्रांत कोणा सभ्य गृहस्थानें मूळच्या कांहीं उघड्या आकृतींना अंगवस्त्रें चढविलीं होतीं, तीं बायांनींहि इमानानें भरलीं!

ह्या पट्टीसाठीं लागणारी सर्व लोंकर टॉमस वॉर्डल ह्यांनीं रंगविली. जुन्या पट्टीचे रंग वनस्पतींचे. तेव्हां प्रतीचे रंगहि तसेच पाहिजेत, आणि मूळच्या छटांशीं ते जुळलेहि पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. डांबराच्या रंगांनीं तें काम चुटकीसरशीं झालें असतें. परंतु मॉरिसबरोबर घालविलेले दिवस आणि हिंदी नमुन्यांवरची मेहनत ही दोन्ही येथें कामास आलीं. १८८६ सालीं लीकमध्यें ही पट्टी प्रथम लोकांना दाखविली. मग ती गांवोगांव फिरली, आणि १८९५ सालीं रेडिंग शहरासाठीं विकत घेतली गेली.

एलिझाबेथबाई १९०२ सालीं वारल्या. सर टॉमस ह्यांचें देहावसान लीक येथें ३ जानेवारी १९०९ रोजीं झालें. त्या वेळीं त्यांचें वय सत्त्याहत्तर वर्षांचें होतें. नमुन्यांच्या पंधरा ग्रंथांचा संच कलकत्त्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्यानें जपून ठेविलेला आहे, आणि वनस्पतिरंगांकडे पुन्हां वळलेले अभ्यासक आतां तो उघडून पाहूं लागले आहेत. लोंकरीची ती लांब पट्टी रेडिंगच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. तिच्यांतील प्रत्येक तुकड्याखालीं तो भरणाऱ्या स्त्रीनें आपलें नांव धाग्यानें काढून ठेविलें आहे. धागे रंगविणाऱ्याचें नांव प्रेक्षकाला विचारून घ्यावें लागतें.